निळ्या टेपची बॅट

घरी पाहुणे आले की आई माझं मेडल दाखवते आणि मी आत निघून जाते. सगळ्यांना वाटतं, लाजाळू आहे. मी का जाते, ते आजवर कोणाला सांगितलं नाही — तुम्हालाही सांगेन असं वाटलं नव्हतं.

मी बेसबॉल खेळायचे. नाशिकमध्ये हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे क्रिकेटसारखंच ना?" चीड येते. पण खरी चीड त्याची नाही.

आमच्याकडे दोन काळ्या बॅटी होत्या, दिसायला सारख्याच. सरावाची आतून वजन भरलेली, मनगटं तयार व्हावीत म्हणून. ती मॅचमध्ये चालत नाही. पंचांनी पकडली की खेळाडू बाद. म्हणून सर मुठीला टेप लावायचे — सरावाच्या बॅटला निळी, मॅचच्या बॅटला पिवळी. निवडीच्या मॅचआधी ते काम माझ्याकडे आलं. पिवळी टेप संपली होती. मी दोन्हींना निळीच लावली. सकाळी सांगू म्हटलं — आणि राहून गेलं. इथपर्यंत ती नुसती चूक होती. इथेच थांबले असते तर?

सोनाली मखमलाबादची, घरची फुलशेती. झेंडू तोडून मग सरावाला यायची. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती — तिला किंवा मला. यंदा निवड झाली नाही तर खेळ बंद, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. हे तिनेच मला सांगितलं होतं. विश्वासाने.

तिची पाळी आली. तिने एक बॅट उचलली आणि माझ्याकडे वळली.

"दोन्ही निळ्याच हायेत गं. ही जड लागतेय. मॅचचीच ना?"

सरावाच्या बॅटला टोकाशी पोचा होता. तिच्या हातातल्या बॅटवर तो मला बसल्या जागेवरून दिसत होता.

मी मान हलवली. हो.

खोटं बोलायला तोंड उघडावंच लागतं का?

तिने चेंडू पार कुंपणापर्यंत मारला. दुसऱ्या बेसवर उभी राहून ती हसत होती, तेवढ्यात समोरच्या संघाचे सर तीच बॅट घेऊन पंचांकडे गेले. फटका रद्द. सोनाली बाद. आमचे सर ओरडले, "निळी टेप दिसत नाही तुला?" तिने माझं नाव घेतलं नाही. मी वाकून बुटाची नाडी बांधत राहिले — ती बांधलेलीच होती.

जागा मला मिळाली. मेडलही.

परवा फुलबाजारात हाक आली, "ओ प्लेअर, शेवंती घेऊन जा की!" सोनालीच. हात तसेच भक्कम. बोलता बोलता तो दिवस निघाला. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "जाऊ दे गं. तुला तरी कुठं कळलं असंल."

मला कळलं होतं.

मी पुन्हा मान हलवली.