मानेमागचा वण आणि आट्यांचा रेग्युलेटर

मी जालन्यात बचाव पथकाच्या भांडारात कारकून होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. पाण्याखाली श्वास घ्यायची हवेची सिलिंडरं पथकात पहिल्यांदाच यायची होती, आणि त्यांना रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरातली हवा तोंडात बेतानं सोडणारा भाग, कसा जोडायचा, यावर बैठक बसली होती. प्रकार दोन. एक क्लॅम्पचा, म्हणजे व्हॉल्व्हवर वरून अडकवायचा आणि मागून मोठा स्क्रू आवळायचा. दुसरा आट्यांचा, बोल्टसारखा थेट व्हॉल्व्हच्या आत फिरवून बसवायचा.

"क्लॅम्पच घ्या," मुंबईहून आलेला विक्रेता म्हणाला. "झटपट लागतो. समुद्रावर सगळे हाच वापरतात."

साहेबांनी मान डोलावली. झालं! पेनाचं टोपण उघडलंसुद्धा.

माझं डोकंच सणकलं. आमच्याकडं पाण्यात उतरणारा जवान एकच, आष्टीचा, मला ताई म्हणायचा. एकदा ऑर्डर गेली की पुढची कित्येक वर्षं तो त्याच जोडाच्या भरवशावर विहिरीत उतरणार होता. आणि तो बिचारा दाराशी उभा. त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

"साहेब, समुद्राला पायऱ्या असतात का?" मी म्हटलं.

सगळे हसले. "बाई, तुम्ही चहाचं बघा," साहेब म्हणाले.

चहाचं बघा! अस्सा राग आला मला. उठले, वेणी पुढं घेतली आणि भर बैठकीत मानेमागचा वण दाखवला.

"हसनाबादला आमच्या विहिरीत पोहायला शिकले मी. भिंतीतून पायऱ्यांचे दगड बाहेर आल्ते. पाण्यातून वर येताना त्यातला एक लागला, तो हितं. सिलिंडर पाठीवर घेतलं की तुमच्या क्लॅम्पचा स्क्रू बराबर ह्याच जागी येतो. मान फुटली तर टाके घालता येतात. खाली हवा गेली तर काय घालणार?"

साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. "चला, विहिरीवरच बघू," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तसल्याच दगडांची विहीर गाठली. जवानाच्या कमरेला दोर, दोघं जण धरून. आधी क्लॅम्प. जवान वर येता येता 'टण' वाजलं आणि पाणी खदखदायला लागलं. स्क्रू दगडावर आपटून जोड सरकला होता, मधली रबरी रिंग निसटली होती आणि हवा भसाभस चालली होती. दोर ओढून जवानाला काठावर घेतला.

मंग आट्यांचा. एक जण पाना घेऊन धावला. त्याला म्हटलं, "ठेव तो. हातानं आवळला की बास. रिंग आत बसती, बाहेर यायला जागाच न्हाई."

जवान मुद्दाम त्याच दगडाखाली गेला. टण. टण. बुडबुडे आपले श्वासापुरतेच. वर आला तो तोंडातली नळी काढून ओरडलाच, "ताई, जिंकलो की!"

मीही ओरडले. कारकुनाला शोभत नाही, पण ओरडले.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवरच यादीतला 'क्लॅम्प' खोडला. ऑफिसात परतल्यावर चहा आला. किटली साहेबांनी स्वतः उचलली. पहिला कप माझ्यापुढं ठेवला, दुसरा जवानापुढं. तो आज दाराशी नव्हता, खुर्चीवर बसला होता.

मी काय सोडते? दोन कप प्याले.