चौकातला मोठा फोटो

सौंसरच्या बसस्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. संत्र्याच्या बगीच्याचे एक मालक दर सणाला स्वतःचा फोटो घेऊन येतात, मिशीवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "अजून मोठा कर ना गा, तोंड दिसून नाही राहिलं." दिसतं हो, रस्त्यापलीकडूनही दिसतं.

त्यांच्या बगीच्यात संत्री तोडणाऱ्या बाईच्या मुलीला परदेशात शिकायला सरकारी स्कॉलरशिप मिळाली, तेव्हा माझ्याच बाकावर बसून ते म्हणाले होते, "फुकटात विमानात बसून राहिले लोक!" मग पेपरात मुलीचा फोटो आला आणि हे लगेच ऑर्डर घेऊन हजर: 'आमच्या गावची लेक निघाली लंडनला!' लेक कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढी. मधोमध हे, हात जोडून.

फ्लेक्स न्यायला आले, तेव्हा त्यांना शोधत मुलीची आईही दुकानात आली.

"मालक, उद्या पोरीले सोडाले नागपूरले जा लागते. एक दिवस सुट्टी द्या."

"उद्या ट्रक भरायचा हाय. संत्री कोण तोडन, मी?"

त्यांनी फ्लेक्सची गुंडाळी तिच्याच हातात दिली. "जाता जाता हे जीपमध्ये ठेव. सांभाळून, माह्या तोंडावर घडी नको पडाले."