जर्मनच्या बाई

बाईंकडे मन मोकळं करण्याआधी पैसे मोजावे लागत. नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत धाकटी बहीण, सुमनताई, फी घेऊन पावती फाडायच्या. मग आत बाईंसमोर बसायचं. आदल्या दिवशी न कळवता दांडी मारली तरी फी द्यावी लागे. एकदा मी कुरकुरलो, तेव्हा बाई म्हणाल्या, "फुकट ऐकलं तर तुम्ही माझे मिंधे व्हाल. मिंधा माणूस खरं बोलत नाही."

दिवाळीला मी पेढ्यांचा पुडा नेला. सुमनताईंनी तो दोऱ्यासकट परत केला आणि वर, "फी पोचली आहे," असं ऐकवलं.

तेव्हा मी हिंजवडीला नव्या कंपनीत होतो. धायरीला फ्लॅट घेतला होता, पगार वडिलांनी कधी पाहिला नसेल एवढा, आणि तरी सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढताना हातपाय गार पडायचे. हे सांगायचं कुणाला? वेड्यांच्या डॉक्टरकडे जातो म्हणतील, या धाकाने मी घरी जर्मनच्या क्लासचं नाव सांगितलं. कंपनी माणसं जर्मनीला पाठवत असल्यामुळे बायकोला, वैशालीला, ते पटलं. पाहुण्यांपुढे ती मला जर्मन बोलायला लावायची. त्यासाठी मी चार वाक्यं पाठ केली होती.

बाईंचा आणखी एक नियम होता. "बाहेर भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. द्यायची तर ओळख तुम्ही द्यायची."

एकदा ऑफिसातल्या मित्रांबरोबर चहा पीत असताना बाई समोरून आल्या. मी पाठ फिरवली. त्या सरळ निघून गेल्या. पुढच्या भेटीत मी ओशाळून आभार मानले. "आभार कसले? नियमच आहे तो," बाई म्हणाल्या. "तुमची लाज मात्र तुम्हालाच सोडवावी लागेल. ती माझ्या फीत बसत नाही."

बसची धास्ती हळूहळू गेली. लाज तेवढी राहिली.

बऱ्याच वर्षांनी बाई गेल्याचं कळलं. भेटायला निघालो तर वैशाली म्हणाली, "तुझ्या जर्मनच्या बाई ना? मग मीही येते."

दार सुमनताईंनी उघडलं. त्यांनी मला लगेच ओळखलं, ते डोळ्यांत दिसलं. तरी त्यांनी विचारलं, "आपण?"

मी तोंड उघडेपर्यंत वैशालीच म्हणाली, "हे बाईंकडे जर्मन शिकायचे."

माझ्या सगळ्या पावत्या सुमनताईंनीच फाडल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत थांबल्या. मी चपला काढण्याच्या निमित्ताने खाली वाकलो. आयुष्यात माझी मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

"हो," सुमनताई वैशालीला म्हणाल्या. "मेहनत घ्यायचे फार."

जिना उतरताना वैशाली म्हणाली, "किती मनापासून शिकवत असतील, नाही?"

मी हो म्हणालो.