पासष्टाव्या पानावरचं सरकार

गल्लीच्या तोंडाशी पुस्तकबांधणीचं दुकान होतं आणि दुकानात मावशी होती. खरी मावशी ती एकाच मुलीची, पण प्रेसवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. पाठ वळली की मात्र ‘बिनचूक मावशी’. कारण तिच्या हातून आजवर एकही चूक झालेली नव्हती. हे तिचं स्वतःचं मत होतं आणि त्यावर चर्चा होत नसे. पुठ्ठा वाकडा कापला गेला तर तो मुळातच वाकडा आला होता. खळीचा ब्रश चहात बुडाला तर कप नको तिथे तडमडला होता. तो चहा तिने शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, वर साखर कमी आहे म्हणाली, पण माघार घेतली नाही.

एक मात्र मानायला हवं, कामात बाई अव्वल होती. छापखान्यातून सोळा-सोळा पानांचे घडी घातलेले फर्मे येत. ते क्रमाने लावायचे, शिवायचे, पाठीला खळ फासायची आणि वर पुठ्ठा चढवायचा. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते, दर फर्म्याला जराशी खाली. क्रम बरोबर लागला की त्या खुणांचा तिरका जिना दिसतो. मावशी त्या जिन्यावरून बोट फिरवायची आणि "पुढचं!" म्हणून हाक द्यायची. दुकानात दुसरं कुणी नसलं तरी द्यायची.

तिची भाची अकरा वर्षांची. बोलायला लागल्यावर हिचा पहिला शब्द ‘पण’ होता, म्हणून घरात तिचं नाव शंका पडलं. शाळा सुटली की ती दुकानात येऊन कागदाच्या कातरणांवर बसून वाचायची. त्या आठवड्यात मावशीने एका लेखिकाबाईंची मुलांसाठीची कादंबरी बांधली आणि गठ्ठ्यातली वरची प्रत शंकाच्या हातात ठेवली. त्या कादंबरीतल्या शहरात कुणी चुकतच नाही, असा सरकारी हुकूम होता. त्यामुळे खोडरबर बाळगणं गुन्हा. एक मुलगी चपलेत खोडरबर लपवते आणि शिपाई तिच्या मागे लागतात.

"आवडलं का गं?" मावशीने विचारलं.

"आवडलं, पण यातलं सरकार अगदी तुझ्यासारखं बोलतं."

"मग चांगलं असणार," मावशी म्हणाली आणि दोरा ओवू लागली.

शनिवारी दुपारी वाचनालयात मुलांनी त्या पुस्तकावर आपलं मत वाचून दाखवायचं होतं, तेही लेखिकाबाईंच्या समोर. शंकाने चार पानं लिहिली होती. ती धरायला दोन्ही हात लागतात म्हणून तिने पुस्तक मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि पुढे जाऊन उभी राहिली. तिसऱ्या रांगेत छापखान्याचा प्रेसवाला बसला होता. मावशीचं निम्मं काम त्याच्याकडून यायचं.

"हे पुस्तक मला आवडलं, पण सगळं नाही," शंकाने सुरुवात केली. "यातल्या मुलीला अकरा वेळा धाप लागते, मी मोजलं. चपलेत खोडरबर ठेवला तर तो घामाने चिकट होतो. मी ठेवून पाहिला, मग काहीच खोडता येत नाही."

लेखिकाबाईंनी हसून मान डोलावली.

"पण पासष्टाव्या पानावर जे आहे तसं मी कुठेच वाचलं नव्हतं. चौसष्टाव्या पानाच्या शेवटी शिपाई दार ठोठावतात. ती मुलगी कडी काढते. आणि पासष्टाव्या पानावर एकदम येतं, ‘पांढरे व रंगीत कपडे वेगळे करा. खिसे तपासा.’ पुढची सोळा पानं तेच! म्हणजे सरकारने गोष्टीतली पानं जप्त केली आणि तिथे आपल्या सूचना घुसवल्या. पानांचे आकडेसुद्धा बरोबर टाकले, कुणाला कळू नये म्हणून. सगळ्यात भीती मला ‘ड्रममध्ये लहान मूल नाही याची खात्री करा’ या वाक्याची वाटली. कारण मला वाटत होतं, ती तिथेच लपलीय."

लेखिकाबाईंची मान डोलायची थांबली होती. "बाळ," त्या म्हणाल्या, "माझ्या पुस्तकात वॉशिंग मशीन नाही."

सगळं वाचनालय हसलं. ग्रंथपालबाई पुढे वाकल्या. "पुस्तक पूर्ण वाचलंस ना गं? की काही मनाचं लिहिलंस?"

"वाचलंय! पासष्टवर आहे! मावशी, दाखव ना!"

मावशीने पासष्टावं पान उघडलं. तिथे खरंच कपडे धुण्याच्या सूचना होत्या. सोमवारी टेबलावर दोन कामं शेजारी-शेजारी पडली होती, ही कादंबरी आणि घरगुती यंत्रांचं एक माहितीपुस्तक. आकार एक, कागद एक. कादंबरीचा पाचवा फर्मा उचलण्याऐवजी तिने माहितीपुस्तकाचा पाचवा उचलला. दोन्हींवरची खूण एकाच उंचीवर, त्यामुळे जिना अखंड दिसला. मधली एक पायरी तेवढी शेजाऱ्यांची होती.

पुस्तक मिटून ‘पानं चिकटलीत’ म्हणणं अगदी सोपं होतं. तिसऱ्या रांगेतून प्रेसवाला टक लावून बघत होता. आणि पुढे शंका उभी होती, खोटारडी ठरलेली.

मावशी उठली. "ते काय झालं, कागदच जरा... म्हणजे प्रेसमध्ये..." प्रेसवाला ताठ झाला. मावशीने शंकाकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"चूक माझी आहे. फर्मा मी चुकवला, यंत्रांच्या माहितीपुस्तकाचा यात शिवला. पोरीने अक्षर न् अक्षर वाचलंय."

प्रेसवाल्याने मोबाइल काढून आजची तारीख टिपून ठेवली.

"म्हणजे ते सरकार नव्हतं?" शंकाने विचारलं.

"नाही गं. मी होते."

"पण मावशी," प्रेसवाला हळूच म्हणाला, "मग गोष्टीची ती सोळा पानं त्या माहितीपुस्तकात गेली असतील की!" म्हणजे कुठल्यातरी घरात कुणीतरी कपडे भिजवून पुढची सूचना वाचायला पान उलटणार, आणि दारात शिपाई उभे! लेखिकाबाई तर हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेताला आल्या. हे आपल्याला सुचायला हवं होतं, असं त्या दोनदा म्हणाल्या.

ग्रंथपालबाईंनी शंकाची माफी मागितली आणि म्हणाल्या, "आता तुझं मत नव्याने लिहून आण."

"नको. एकच ओळ वाढवते." शंकाने पेन्सिल मागून घेतली, तिथेच उभ्या-उभ्या लिहिलं आणि वाचलं, "या पुस्तकातल्या सरकारला दोनशे पानांत जे जमत नाही, ते माझ्या मावशीला आज जमलं."

मावशी पदराने डोळे टिपू लागली.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. डोळ्यात खळ गेली."

"पण इथे खळ कुठेय?"

मावशीने इकडेतिकडे पाहिलं. खळ खरंच कुठे नव्हती.

"बरं बाई, चुकलं माझं," ती म्हणाली. "रडतेय."