पाऊस पाडायचा बाण

चौसाळ्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणारा एक माणूस आहे. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे तो कधी बघत नाही, हातातल्या तारेकडेच बघतो. ‘पुढच्या जमान्यात पानी तारंतून येईल साहेब, नळ कशाला लागतोय?’ लोक हसतात, तो तार गुंडाळत राहतो.

दुष्काळात सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली, तेव्हा त्यानं रेडिओवर ऐकलं की ढगात मीठ सोडून पाऊस पाडतात. लगेच पत्र्याची नळी, मीठ आणि फटाक्यांची दारू घेऊन त्यानं बाण बनवला. एका दुपारी छावणीवर काळाभोर ढग आला. सगळे बाणाभोवती जमले.

त्यानं काडी ओढली, आणि वारा फिरला. आता वारा थेट कडब्याच्या गंजीकडे वाहत होता. तो गंजीकडे बघत राहिला, काडी बोटापर्यंत जळत आली.

‘लाव की बे!’ कुणीतरी ओरडलं.

त्यानं काडी फुंकली. तेवढ्यात एकानं त्याच्या हातातली काडेपेटी हिसकावली. तसा तो मागं वळला, त्यानं पिण्याच्या पाण्याची घागर उचलली आणि अख्खी बाणावर ओतली.

ढग निघून गेला. लोकांनी त्याला फक्त मारायचं बाकी ठेवलं.

परवा मी विचारलं, ‘खरंच पडला असता का हो पाऊस?’

पहिल्यांदाच त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. ‘ते मला बी ठाऊक न्हाई. कडबा पेटला असता, येवढं ठाऊक हाय.’