सिपोराबाईंच्या मांडवाला पत्रा

तुमच्या लेकराचा हात धरून ज्या बाईनं त्याला पहिल्यांदा माती मळायला शिकवलं, तिचा सण कोणता, ते सांगता येईल का तुम्हाला? उगी डोकं खाजवू नका. न्हाई येणार. जालन्याच्या एमआयडीसीमागं सळया ओढणाऱ्या मिलांच्या मजुरांची आमची वस्ती आहे, तिथं कुणालाच आलं नसतं. आणि ती बाई आमच्यात म्हातारी झाली.

तिचं नाव सिपोरा वाकरुळकर. मूळची पनवेलकडची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू. लग्न करून इथं आली, कारण नवरा एझिकेल मिलमध्ये फिटर होता. वस्ती त्याला इजकेल मिस्तरी म्हणायची. मिस्तरी गेला तेव्हा दफनाला पुण्याला न्यावं लागलं, कारण तिच्या माणसांचं कब्रस्तान इकडं जवळपास कुठंच न्हाई. सगळ्यांना वाटलं, बाई आता तिकडूनच कोकणात जाणार. बाई टेम्पोतून उतरली, घराचं कुलूप काढलं, आणि आठवडा सरल्यावर पुन्हा बालवाडी उघडली.

मी साळूबाई. रेशन, नळ, मजुरी, जिथं अडेल तिथं भांडते. शाळा माझ्या वाट्याला आली न्हाई. अक्षरं मी मोर्च्याच्या पत्रकांवर शिकले. त्यामुळं शिकवणं म्हणजे काय, यावर मी फार बोलत न्हाई. पण बाईंच्या त्या दोन खोल्यांत मी जे पाह्यलं, ते मोठ्या फीच्या शाळेत दिसत न्हाई. भिंतीवर तक्ते न्हाईत. खाली पराती, माती, भिजवलेले मूग, कातरलेले कागद, आणि कोपरापर्यंत माखलेली लेकरं.

"सण सांगून कळत नाही साळू," ती म्हणायची. "हात माखले की कळतो."

पोळ्याला तिची लेकरं मातीचे बैल करायची. कुणाच्या बैलाला तीनच पाय, कुणाचा बैल डुकरासारखा, पण शिंगं रंगवून सगळे रांगेनं मारुतीपुढं. ईदला शेवया लेकरांच्या हातानं मोडायच्या. आंबेडकर जयंतीला निळ्या पताका खळीनं दोरीला चिकटवायच्या. खळ डोक्यालाबी लागायची. मूग पेरून कोंब मोजायचे. एकदा शालू, म्हणजे आमच्या वस्तीतल्या राधाकिसनची बायको, बियाण्याच्या प्लांटात कामाला जाते, ती मूठभर गुलाबी बी घेऊन आली. "घ्या बाई, रंगीत हाय, लेकरांना आवडंल." बाईंनी तिचा हातच धरला. "शालू, याला औषध चोळलंय. आधी तू हात धू, मग मला शिव्या दे." शालूनं हात धुतले. शिव्याबी दिल्या, पण हसत.

तर सगळ्यांचे सण बाईंच्या परातीत मळले जायचे. तिचा एकबी न्हाई.

शनिवारी बालवाडी बंद, तिच्या धर्मात तो विसाव्याचा वार. वस्ती म्हणायची, बाईंचा कडक शनिवार असतो, मारुतीचा. कुणी कुणी तर तिला रुईची पानं आणून द्यायचे. ती ठेवून घ्यायची. आश्विनाच्या सुमारास एक दिवस तिचं दार बंद राहायचं, आतून कडी. वस्ती म्हणायची, बाई दरसाल याच दिवसांत आजारी पडतात, हवा बदलती ना. शालू उंबऱ्यावर खिचडीचा डबा ठेवून जायची. तो तिच्या उपासाचा दिवस. दार लावून, पाण्याचा थेंब न घेता देवापुढं बसायचं, तिच्याकडं त्याला दार फाळणीचा सण म्हणतात. दाराबाहेर गरम खिचडीचा वास आणि आत ती. मला हे कळलं तेव्हा मी तापले. "सांगायचं न्हाई का बाई? तोंड न्हाई का तुम्हाला?"

"अगं, प्रेमानं ठेवतात. काय सांगू? घेऊन जा म्हणू?"

मागच्या साली गणपती उठल्यावर राधाकिसनची तृप्ती, पाच वर्षांची पोरगी, हातातला मातीचा उंदीर खाली ठेवून म्हणाली, "बाई, तुझा सण कवा असतो?"

बाईंनी तिच्या हाताची माती पुसली. मग म्हणाल्या, "येतोय. यंदा करू."

त्याच दिवसांत तिच्या लेकीचा, नओमीचा, इस्राएलहून फोन आलता. ती बरीच वर्षं झाली तिकडं अश्दोदला असते. आई, आता तिथं कुणासाठी थांबलीस? हा तिचा नेहमीचा सवाल. यावेळी बाईंनी हसून उडवलं न्हाई. मला म्हणाल्या, "साळू, यंदा मांडव घालते. संध्याकाळी त्यात बसून जेवायचं असतं, चार माणसांत. माझ्या मांडवात संध्याकाळी आपसूक कुणी येऊन बसलं, तर मी इथंच मरेन. नाही आलं, तर नओमीला हो म्हणेन."

"मी हाय की."

"तू घरचीच. तुला धरत नाही. आणि वस्तीत एक शब्द बोललीस तर बघ. दिवाळीच्या फराळाला कुणी आमंत्रण देतं का? माणसं येतात. तसं यायला हवं."

मला ते पटलं न्हाई. ज्यांना सण ठाऊक न्हाई ते येतील कसे? पण बाईंपुढं माझी जीभ आखडती.

दसरा झाला आणि कामाला सुरुवात झाली. अंगणात चार बांबू रोवले. माझ्या ओळखीच्या जीपवाल्यानं घनसावंगीकडून हिरवा ऊस आणला. वर टाकायला उसाचे वाढे आणि कडुलिंबाचे डहाळे. लेकरांनी झेंडूचे हार ओवले, दाभणानं बोटं टोचून घेतली, रडली, पुन्हा ओवायला बसली. सीताफळं, काकड्या, भेंड्या सुतळीनं टांगल्या. एक सीताफळ पिकून राजानंद नावाच्या पोराच्या डोक्यावर पडलं, तर त्यानं ते तिथंच बसून खाल्लं. लिंबाच्या जातीचं एक फळ हातात धरायची बाईंकडं रीत. इथं ते मिळेना, म्हणून प्रत्येक लेकराच्या हातात आपली जालन्याची मोसंबी दिली. ती धरून चारी दिशांना हात हलवायचे. लेकरं इतकी जोरात हलवायची की मोसंब्या नालीत जायच्या.

आणि मग बाई त्यांना मांडवात उताणं झोपवायच्या. "वर बघा. काय दिसतं?"

"आभाळ!"

"दिसलं पाहिजे. आभाळ दिसलं तरच मांडव. आमचे पूर्वज असेच रानात राहिले, डोक्यावर पक्कं छत नव्हतं, देवाच्या भरवशावर. म्हणून भोकं ठेवायची."

लेकरांना हे बराबर कळलं. तृप्तीनं घरी जाऊन मोठ्या ऐटीत सांगितलं, "पप्पा, बाईच्या मांडवाला भोकं हायती!"

राधाकिसन मिलमध्ये भट्टीवर असतो. त्यानं काय ऐकलं असंल ते तुम्हीच ओळखा. एकटी म्हातारी बाई, आपली लेकरं सांभाळती, आणि तिच्या मांडवाला भोकं! ऑक्टोबरचं ऊन, त्यात अवकाळीचा भरवसा न्हाई. आमच्या वस्तीत माणूस माणसाला लय मोठं काय देतो, तर पत्रा. पोरीच्या लग्नात भांडी देतील, पण घर बांधताना भावानं पत्रा दिला तर त्याचं नाव पंधरा वर्षं निघतं.

सणाच्या दिवशी दुपारी मी घनसावंगीला गेल्ते, ऊसतोडीच्या मुकादमाशी भांडायला. बाई आत चुलीपाशी होत्या. राधाकिसननं पहिली पाळी सुटल्यावर मिलमधल्या कल्याण नावाच्या गड्याला सोबतीला घेतलं, हातगाड्यावर नवेकोरे पत्रे आणले, चार बांबूंना लोखंडी पट्ट्या आवळल्या आणि उसाच्या वाढ्यांवर पत्रे चढवून नटबोल्टनं पक्के केले. लेकरांचे हार हलू दिले न्हाईत, इतकं नाजूक काम. बाई हात पुसत बाहेर आल्या तवा शेवटचा नट फिरत होता.

"वादळ येऊ द्या बाई, हलायचा न्हाई," राधाकिसन म्हणाला.

बाई म्हणाल्या, "छान केलंस रे."

मी जीपनं परतले तेव्हा दिवेलागण झाल्ती. त्या साली तिचा सण आणि आपली कोजागरी एकाच पुनवेला आल्ती. वस्तीच्या गच्च्यांवर चुली पेटलेल्या, दुधाची पातेली, पोरांचा दंगा. बाईंच्या अंगणात मांडव, मांडवात चटया अंथरलेल्या, मधोमध परात पांढऱ्या फडक्यानं झाकलेली. कडेला बाई, इरकली नेसून, एकटी. दुपारभर तापलेला पत्रा अजून ऊब टाकून राह्यला होता.

"ये साळू. बघ, राधाकिसननं केवढं काम केलं."

मी वर पाह्यलं. माझ्या अंगाचा भडका उडाला. "बाई, आभाळ?"

"बाहेर आहे की."

"कुणी आल्तं?"

"राधाकिसन होता. पोहे दिले, उभ्यानंच खाल्ले बिचाऱ्यानं. म्हणाला, बाई, दूध प्यायला गच्चीवर या."

"मंग गेल्या न्हाई?"

"माझा सण इथं आहे ना गं."

परातीवरचं फडकं तिनं सरळ केलं. आत गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळांच्या फोडी. तिच्याकडं याला मलिदा म्हणतात. दर्ग्यावरचा आपला मलिदा वेगळा. हा पंधरा-वीस माणसांना पुरला असता.

मी तडक राधाकिसनच्या गच्चीवर. तो पातेलं ढवळत होता, भोवती वस्तीतली माणसं.

"या आक्का! पत्रा बघितला का? गंजायचा न्हाई, बिलकुल!"

मी शेजारचं झाकण उचललं आणि त्याच्या दुधावर दाणकन ठेवलं.

"ओ आक्का! काय करून राह्यल्या? चंद्र पडू द्या की दुधात!"

"का? झाकण चांगलं हाय की. वादळ आलं तरी हलायचं न्हाई."

माणसं हसली. राधाकिसन हसला न्हाई. त्यानं खाली अंगणाकडं पाह्यलं, मंग वर. भट्टीवरचा माणूस आहे, पण त्याच्या तोंडाचा रंग गेला.

"म्हंजी... बाईलाबी चंद्रच लागत होता?"

"चंद्र, चांदण्या, आभाळ. तुझ्या पोरीला इचार. तिला माहीत हाय."

तृप्ती म्हणाली, "मी सांगितलं होतं, भोकं हायती म्हणून."

"मंग बाई बोलल्या का न्हाईत?" राधाकिसन माझ्यावरच ओरडला. "माझ्या समोर उभ्या होत्या!"

पाना घेऊन तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला. मांडवाशी जाऊन पाना नटाला लावला, तोच बाईंनी हात वर केला.

"नको राधाकिसन. सण लागलाय. सणाला हत्यार चालवायचं नसतं आमच्यात. उघडझाप, ठोकाठोक, काहीच नाही."

"मंग आता काय करू बाई?"

"बस."

तो बसला. पाना मांडीवर. बाईंनी द्रोण भरून दिला. त्यानं मान खाली घालून खाल्ला. मग वरून शालूची हाक आली, "अवो, दूध उतू चाललंय, लेकरं खोळंबलीत!" तो उठला, बाईंच्या पाया पडला आणि गेला. मला वाटलं, झालं, बसला की माणूस मांडवात. मी बाईंकडं पाह्यलं.

"तू आणलंस त्याला," ती म्हणाली. "भांडून."

मी तिच्या शेजारी चटईवर बसले. गच्च्यांवर हसणं चाललं होतं, गाणी लागली होती. चंद्र पत्र्यावर पडून त्याची चकाकी शेजारच्या भिंतीवर दिसत होती. आम्ही दोघींनी मलिदा खाल्ला. परात भरलेलीच वाटत होती.

सण आठवडाभराचा; त्यातले हत्याराची मनाई असलेले पहिले दिवस सरल्यावर राधाकिसननं पत्रे उतरवले. लेकरांनी नवे डहाळे टाकले. दिवसा अंगण भरायचं, मोसंब्या नालीत जायच्या. संध्याकाळ झाली की पाळ्या, स्वयंपाक, नळ, टीव्ही. वाईट कुणीच न्हाई. जाता-येता "जेवलात का बाई?" म्हणायचे. ती म्हणायची, "हो." आणि आभाळाखाली, मिलच्या भट्टीचा लाल उजेड डोक्यावर घेऊन, एकटी ताट घेऊन बसायची. मी जमेल तेव्हा जायचे. पण मला धरायचंच न्हाई, असं ठरलेलं.

मांडव उतरला त्या दिवशी तिनं नओमीला फोन लावला. मी समोर होते. "कागद करायला घे," म्हणाली. तिकडून नओमीचं बोलणं लांबलं. शेवटी म्हणाली, "पण पुढच्या सालचा सण इथं करून निघेन. लेकरांना सांगितलंय."

तिच्या तोंडून हे सगळं वस्तीला कधीच कळणार न्हाई. ती मागणार न्हाई. मी शब्द मोडून हे लिहून राह्यले, तिला कळलं तर माझ्याशी बोलायची न्हाई. चालंल मला.

म्हणून तुम्हाला, होय, तुम्हालाच सांगते. यंदा दसऱ्याच्या आसपास एमआयडीसीमागच्या वस्तीत कुणालाबी बालवाडीवाल्या बाईंचं अंगण विचारा. बांबूवर हिरवा ऊस टाकलेला दिसला की संध्याकाळी सरळ आत जा. मी पाठवलं म्हणू नका. चटईवर बसा, ती वाढंल ते पोटभर खा, आणि तिनं जा म्हणेपर्यंत उठू नका.