बंदुकीचा जाणकार शोधणारी बाई

नोकरीतली बरीचशी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण भंडारा जिल्ह्यातला रायफलीचा तो मामला आजही तपशिलांसकट आठवतो. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. कोणी तरी मरू शकले असते, एवढे मात्र खरे.

मी तेव्हा तुमसरकडच्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. मूळचा खानदेशातला, त्यामुळे इकडची बोली कानात बसायला वेळ लागला होता. हद्द मोठी, माणसे कमी. तलाव, धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरे, मागे जंगल. सकाळची हजेरी, रात्रपाळीचा अहवाल, मग अदखलपात्र तक्रारी. बहुतेक बांधाच्या, नाही तर दारू पिऊन केलेल्या शिवीगाळीच्या.

एका बाजाराच्या दिवशी आमचा एक जुना बातमीदार मागच्या दाराने आला. पानठेला चालवायचा. त्याची खबर सहसा खोटी निघत नसे.

"सायेब, एक बाई बाजारात फिरून राहिली," तो म्हणाला. "ज्याले त्याले इचारते, इकडं बंदुकीचं काम कोन करते म्हनून. सायकलवाल्याले इचारलं, लोहाराले इचारलं, मलेबी इचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"म्या म्हनलं, मी पान लावतो बाई."

जंगलाला लागून असलेल्या हद्दीत अशी खबर हसण्यावारी नेता येत नाही. भरमार म्हणजे ठासणीच्या गावठी बंदुका बनवणारे, शिकारीला हत्यार भाड्याने देणारे, दोन्ही प्रकार आम्हाला ठाऊक होते. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि आमच्या जमादारांना चौकशी करायला सांगितले. जमादार त्याच मुलखातले. गावात जाऊन, चहा पिऊन, कोणाला कळू न देता माहिती काढण्यात त्यांचा हातखंडा.

संध्याकाळी ते परतले ते जरासे हसतच. "साहेब, बाईकडे परवाना आहे. बापाची रायफल वारसाहक्काने तिच्या नावावर झाली. एकुलती एक लेक. पाचेक एकर धान करते. नवरा धानाचा व्यापारी."

"मग बाजारात का विचारत फिरते?"

"ते नाही सांगत. 'असंच' म्हणते."

या 'असंच'ने माझी झोप गेली नाही, पण समाधानही झाले नाही. परवान्यासह हत्यार घेऊन ठाण्यात पडताळणीला यावे, असा निरोप मी धाडला.

दुसऱ्या दिवशी नवराबायको मोटरसायकलवर आले. रायफल धोतराच्या पानात गुंडाळून बाईंनी दोघांच्या मध्ये उभी धरली होती. नवरा गाडी लावून आवाराच्या कडुलिंबाखाली थांबला. आत या म्हटले तर म्हणाला, "मी येथंच बरा हाय. मले त्या वस्तूचं भ्या वाटते." बाई चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी रायफल माझ्या टेबलावर अशी ठेवली, जसे दवाखान्यात आजारी मूल ठेवतात.

परवाना वैध होता. रायफलीवरचा क्रमांक परवान्याशी जुळत होता. कायद्याने माझे काम तिथेच संपले होते. तरी मी महिला शिपायाला शेजारी बसवून विचारायला सुरुवात केली.

"बाई, बाजारात कारागीर कशाला शोधता?"

"साफ कराची होती."

"साफ करायला सायकलवाला?"

त्या गप्प. नजर टेबलावर. इतक्या वर्षांच्या चौकशांतून मला एक कळले होते. खोटे बोलणारा माणूस मोकळी जागा दिसली की ती बोलून भरून काढतो. घाबरलेला माणूस गप्प बसतो. या बाई गप्प बसल्या होत्या. मी चहा मागवला आणि रायफलीचा विषयच सोडला. वडिलांबद्दल विचारले.

मग त्या बोलू लागल्या. वडील रात्री शेतातल्या माळ्यावर बसून धान राखायचे. रायफल खांद्याला असायची, पण त्यांनी ती फारशी चालवली नाही. रानडुकरांना हाकलायला डबा बडवणे पुरत असे. मात्र रायफल दर आठवड्याला पुसायचे. ही शेजारी बसून पाहायची. गोळीमागची पोलादी कडी, म्हणजे बोल्ट, मागे ओढायचा, तेल द्यायचे, पुन्हा पुढे सरकवायचा. तो आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता.

"आता तो आवाज येत नाई," त्या एकदम म्हणाल्या. "कडी अडकते. बाबाच्या हातात कधी अडकत नव्हती."

"कधीपासून?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"बाई, ही रायफल तुमच्याशिवाय कोणाच्या हातात गेली होती?"

"सांगतलं तर परवाना जाईन काय?"

खरे तर परवाना नसलेल्या माणसाच्या हाती हत्यार देणे हा परवान्याच्या अटींचा भंगच होता, आणि मी तसे स्पष्ट सांगितले. "पण तुम्ही स्वतः होऊन सांगितलंत, तर मीही तसंच लिहीन," म्हणालो.

त्यांनी सांगितले ते असे. वडील गेल्यावर वर्षभर रायफल ठाण्यात जमा होती. परवाना होऊन ती हातात आली तेव्हा नळीत गंज दिसला. काय करावे कळेना. नवरा हात लावेना. भावकीत विचारले तर लोक म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाला कायले पाहिजे. शेवटी कोणी तरी चिखला गावाकडच्या रस्त्यावरचा एक लेथवाला सुचवला. ट्रकांचे सुटे भाग बनवून द्यायचा. तो म्हणाला, "बंदुका बी करतो, ठेवून जा." त्याने परवाना पाहायला मागितला नाही की काही विचारले नाही. रायफल परत मिळाली तेव्हा नळी चकचकीत होती, पण कडी अडकत होती. त्याला विचारले तर म्हणाला, नवीन तेल आहे, बसेल. तिला ते पटले नाही. म्हणून ती खरा जाणकार शोधत बाजारभर फिरत होती.

"आन तुमी मले बोलावलं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, देवानं ऐकलं तं ऐकलं, पर पोलिसालेच काहून सांगतलं."

महिला शिपायाला हसू आवरेना. मलाही.

भंडारा शहरात तेव्हा शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेले एक म्हातारे गृहस्थ होते. दुकान अरुंद, काचेच्या कपाटात काडतुसांची रिकामी खोकी, भिंतीवर त्यांचा परवाना चौकटीत. तिरसट म्हणून ख्याती. मी, जमादार आणि बाई रायफल घेऊन गेलो. मी गणवेशात असूनही त्यांनी आधी परवाना मागितला, क्रमांक स्वतः ताडून पाहिला, मग बाईंना विचारले, "ही कोणाची? तुमची? मग तुम्ही बोला, साहेबांना राहू द्या."

बाईंनी आवाजाचे सांगितले. म्हाताऱ्याने चेष्टा केली नाही. त्यांनी बाईंना स्वतः बोल्ट ओढायला लावला आणि डोळे मिटून ऐकले. मग बोल्ट बाहेर काढून उजेडात धरला आणि माझ्याकडे वळले.

"साहब, हा बोल्ट या रायफलीचा नाही. नंबर कानशीने घासून काढला आहे. आणि हे पाहा, हा दात तडकलाय. गोळी सुटते तेव्हा हेच दात बोल्टला जागेवर धरतात. ही चालवली असती तर बोल्ट मागे आला असता." त्यांनी बोट स्वतःच्या गालाला लावले. "इथे."

बाईंनी रायफलीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "धान लोंबीवर आलं की चालवनारच होती मी. यंदा डुकरं लय हायेत."

दुकानातच पंचनामा केला. रायफल आणि बोल्ट जप्त करून, सीलबंद करून नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवण्याची तजवीज केली. बाईंना जप्तीचा अर्थ समजावताना मला जड गेले. वडिलांची वस्तू मोठ्या मुश्किलीने घरी आली होती, ती पुन्हा मुद्देमाल खोलीत चालली होती. त्यांनी लाखेवर उमटणारा शिक्का पाहिला आणि एवढेच विचारले, "ओल तं नाई ना लागत तेथं?" जमादारांनी ती खोली रोज स्वतः पाहण्याचा शब्द दिला, आणि तो पाळला.

लेथवाल्याला आणले तेव्हा तो बेफिकीर होता. आपण फक्त गंज काढला, बोल्ट पहिल्यापासून तोच होता, बाईला काय कळते, हे त्याचे पालुपद. मी आवाज चढवला नाही. आरडाओरडा केला की अशी माणसे आतून घट्ट होतात. त्याला तडकलेल्या दाताचा फोटो दाखवला आणि गोळी सुटल्यावर काय झाले असते ते म्हाताऱ्याच्या शब्दांत सांगितले. मग विचारले, "त्या बाईला ओळखतोस?"

"तिच्या बापाले ओळखत होतो. भला मानूस होता."

"मग त्याच्या लेकीचं तोंड फुटावं असं काय केलं होतं तिनं तुझं?"

त्याने फोटो पालथा ठेवला. मग म्हणाला, "मले वाटलं, बाई कायची चालवते. देवाजवळ ठेवन, हळदकुंकू लावन."

सारा गुन्हा त्या एका समजुतीवर उभा होता. एका शिकाऱ्याकडे तसल्याच बनावटीची बेकायदा रायफल होती आणि तिचा बोल्ट तडकला होता. असा सुटा भाग उघड बाजारात मिळत नाही. लेथवाल्याकडे बाईंची रायफल आयती चालून आली. चांगला बोल्ट त्याने शिकाऱ्याला दिला, तडकलेला बाईंच्या रायफलीत बसवला. बाई कधी चाप ओढणारच नाही, तर कोणाला कळणार, असा हिशेब होता.

शिकाऱ्याचे नाव त्याने दिले. वनविभागाला सोबत घेऊन आम्ही दुपारी, तो जेवून आडवा झालेला असताना, त्याच्या शेतातल्या झोपडीवर छापा घातला. धानाच्या तणसाच्या ढिगात रायफल सापडली. तिच्यातल्या बोल्टवरचा क्रमांक लेथवाल्याने अर्धवटच घासला होता. उरलेले आकडे बाईंच्या रायफलीच्या क्रमांकाशी जुळले. झोपडीमागे चितळाची शिंगेही मिळाली. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला. माझ्या अहवालात मी कबूल केल्याप्रमाणे लिहिले, की बाईंनी स्वतः होऊन माहिती दिली. त्यांचा परवाना कायम राहिला आणि त्या आमच्या मुख्य साक्षीदार झाल्या.

न्यायालयाच्या हुकमाने रायफल मूळ बोल्टसह सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत जपण्याच्या हमीवर, त्यांना परत मिळाली. तोवर धान कापून, मळून झाले होते. म्हाताऱ्यांनी मूळ बोल्ट बसवून दिला, पण रायफल लगेच हातात दिली नाही. "आधी शिका," म्हणाले. बाई मग अधूनमधून बसने भंडाऱ्याला जाऊ लागल्या. नवरा जवळच्या कारध्याला कोणा पाहुण्याकडे थांबायचा, दुकानात पाऊल ठेवायचा नाही. म्हातारे रागवायचे, ही ऐकून घ्यायची आणि पुन्हा विचारायची. गोळी नसेल तर इतकं जपायचं कायले? तेल जास्त झालं तर काय होते? एकदा मी तिथे गेलो तेव्हा म्हातारे वैतागून मला म्हणाले, "साहब, चाळीस वर्षांत इतके सवाल कोणी विचारले नाहीत." आणि त्याच दमात बाईंसाठी चहा सांगितला. पुढे सराव मैदानावर परवानाधारकांच्या प्रशिक्षणात त्यांनी पहिली गोळी झाडली. नवरा मैदानाबाहेर कानात बोटे घालून उभा होता. निशाणा लागला नाही. बाईंना त्याचे काही वाटले नाही. "आवाज आला ना बरोबर," म्हणाल्या. त्या बोल्टच्या आवाजाबद्दल बोलत होत्या.

खटल्यात आरोपींच्या वकिलांनी त्यांची उलटतपासणी घेतली. वकील हुशार होते. "तुम्हाला शस्त्रातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "मग बोल्ट बदलला हे तुम्हाला समजलं कसं?"

बाई म्हणाल्या, "तेव्हा नव्हतंच कळत. म्हनून तं इचारत फिरत होती. कळत असतं तं मीच बदलून घेतला असता."

न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. मग त्यांनी ते उत्तर जसेच्या तसे नोंदवून घेतले.

दोघांना शिक्षा झाली. म्हातारे आता हयात नाहीत आणि त्यांचे दुकानही बंद झाले. नवीन परवाना मिळालेले लोक आजही कधी कधी मला फोन करून विचारतात, आपल्याकडे जाणकार माणूस कोण? मी नाव सांगण्याआधी ओळख सांगतो. जो कागद पाहिल्याशिवाय हत्याराला हात लावत नाही, तुमच्याकडून चार गोष्टी विचारून घेतो, आणि 'हे मला जमणार नाही' असे म्हणायला लाजत नाही, त्याच्याकडे जा. जो सगळ्याला हो म्हणतो, त्याच्या दुकानाची पायरी चढू नका.

पोलिसाच्या नोकरीत संशय घ्यायला शिकवावे लागत नाही, तो अंगवळणीच पडतो. या प्रकरणाने मला दुसरे काही शिकवले. ज्याच्या मनात काळेबेरे असते तो भर बाजारात दहा जणांना विचारत फिरत नाही. उघडपणे विचारतो तो बहुधा आपल्याला काय येत नाही हे जाणणारा असतो, आणि लोक अशालाच हसतात. त्या बाजारात सायकलवाला हसला, लोहार हसला, भावकी तर आधीच हसली होती. बाई त्या हसण्याला लाजून गप्प घरी बसल्या असत्या, तर त्या हंगामात त्यांनी तीच रायफल खांद्याला लावून चाप ओढला असता.